भाकर थापल्यावर बोला

मागच्या हिवाळ्यात बर्डीवर एका सभागृहात व्याख्यान ऐकायला बसलो होतो. सीताबर्डी हे पाटीवरचं नाव. आम्ही खेड्यातले लोक नुसतं बर्डीच म्हणतो. काटोलकडून नागपूरला कोणत्याही कामानं या, कोर्टकचेरी असो, दवाखाना असो की लग्नाचा बस्ता असो, शेवटी माणूस बर्डीवर येऊनच टेकतो. त्या दिवशी पंपाचा एक भाग घ्यायचा होता, तो लवकर मिळाला. एसटीला दोन तास होते. बाहेर फलक दिसला, विषय घरचं जेवण आणि आरोग्य. आत खुर्ची होती, पैसे लागत नव्हते. गेलो.

बोलणारे गृहस्थ शिकलेले होते, आवाज चांगला होता. म्हणाले, पूर्वीच्या बाया पहाटे उठून दळत होत्या, चुलीवर रांधत होत्या, म्हणून घरात रोग नव्हता. आजच्या बायांना सयपाकाचा कंटाळा आला, म्हणून साखर आली, बीपी आला, पोरं पुड्या खाऊ लागली. टाळ्या वाजल्या. दहा वर्षांआधी मीही वाजवल्या असत्या.

शेवटी म्हणाले, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मी उभा राहिलो. म्हणलं, "साहेब, तुमाले भाकर थापता येते का?"

लोक हसले. तेही हसले. म्हणाले, "काका, विषय तो नाही."

मी खाली बसलो. दहावी शिकलेल्या माणसाला भर सभेत पुढं बोलणं सुचत नाही. घरी येताना एसटीत सुचत गेलं. माझं म्हणणं एवढंच आहे की विषय तोच आहे.

आता कोणी असं समजू नये की मी घरच्या जेवणाच्या विरोधात आहे. मी त्याचा भक्तच होतो. आमच्या घरात हॉटेलचं जेवण म्हणजे कमीपणा. बाजाराच्या दिवशीसुद्धा मी घरून भाकर, मिरचीचा ठेचा अन् कांदा फडक्यात बांधून नेत होतो. पाहुण्यांना अभिमानानं सांगत होतो, आमच्याकडं बाहेरचं काही चालत नाही, सगळं घरचं. फक्त या 'घरच्या'त घरातलं कोण राबते, हा प्रश्न मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षापर्यंत पडला नाही.

तो पडला २०१८ साली.

घरचीचं पिशवीचं ऑपरेशन करायचं ठरलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेलं. आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन निघालं ७. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाईच्या अंगात हे १२ तरी पाहिजे. इतक्या कमी रक्तावर ऑपरेशन करता येत नाही. आधी रक्त वाढवू." मग त्यांनी विचारलं, "जेवण काय असतं?" मीच पुढं झालो. म्हणलं, "मॅडम, बाहेरचं काहीच नाही. आमच्याकडं सगळं घरचंच."

त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला नाही विचारलं, त्यांना विचारलं."

घरची म्हणाली, "मी काय मॅडम, सगळ्याईचं झालं का बसतो. जे उरलं ते. भाजी नसली तं तेल-तिखट. सकाळी शिळी भाकर अन् चहा. वावरात गेलं का भूक लागते, तं पुन्हा चहा."

"वरण? पालेभाजी?"

"बनवतो ना. रोज बनवतो."

"खाता का?"

ती गप्प राहिली. मीही गप्प. ३४ वर्षांच्या संसारात मी रोज वरण खाल्लं, मेथी खाल्ली, अंबाडीची भाजी खाल्ली, पोरांनी खाल्ली, माझ्या मायबापानं खाल्ली. रांधणारीच्या ताटात काय पडते हे मी कधी पाहिलं नाही, कारण ती जेवायला बसायची तेव्हा मी बाजेवर आडवा झालेलो असायचो. त्याच चुलीवरच्या जेवणानं आम्ही सगळे ठणठणीत होतो अन् तिच्या अंगात रक्त नव्हतं.

हे एकट्या माझ्या घरचं असतं तर मी लाजेकाजेनं झाकून ठेवलं असतं. पण २०१९ ते २०२१ मध्ये सरकारनं कुटुंबांच्या आरोग्याची जी पाहणी केली, तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागं ५४ बायांना रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त. या काही हॉटेलात जेवणाऱ्या बाया नाहीत. यातल्या बहुतेक घरचंच जेवतात, फक्त शेवटी जेवतात. तेव्हा घरच्या जेवणानं रोग नव्हता म्हणणाऱ्यानं आधी सांगावं, कोणाला नव्हता? माझी माय धुरानं डोळे चोळत म्हातारी झाली. तिचा खोकला जन्मभर गेला नाही. तिच्यासाठी कोणी डॉक्टर आणला नाही, म्हणून कागदावर रोग आला नाही, एवढंच.

आणि आता हायवेवर जिथं तिथं पाट्या लागल्या आहेत, चुलीवरचं जेवण, चुलीवरचं मटण. ज्या धुरानं माझी माय खोकली, त्याचे लोक वर पैसे देतात. चांगलं लागते, मीही खाल्लं आहे. पण त्या चुलीच्या आठवणीनं ज्यांचा गळा दाटून येतो, त्यातल्या किती जणांनी फुंकणी हातात धरली होती, हे एकदा मोजायला पाहिजे.

असो. रक्त चढवणं, गोळ्या, मग ऑपरेशन, मग टाके, असे सगळे मिळून ४१ दिवस मला नागपुरात राहावं लागलं. माझा भाचा तेव्हा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी बर्डीवर मोदी गल्लीच्या मागं एका खोलीत तीन पोरांबरोबर राहत होता. मी तिथंच पथारी टाकली. मेट्रोचं काम चालू होतं, रस्ते खोदलेले, दिवसभर धूळ. धंतोली पायी जाण्यासारखी.

पोरं मेसमध्ये जेवत होती. महिन्याचे २,४०० रुपये, दोन वेळचं. पहिले तीन दिवस मीही तिथंच जेवलो. मेसवाल्याला दोष देत नाही. त्या पैशात दोनशे माणसांचं दोन वेळा रांधायचं म्हटलं तर तो तरी काय करेल. भाजीवर बोटभर तेल, वरणात डाळ शोधावी लागे, अन् तिखट-मीठ इतकं की चव काय ते कळू नये. चौथ्या दिवशी माझी छाती जळायला लागली. त्याच आठवड्यात दवाखान्यात माझीही साखर तपासली, ती वाढलेली निघाली. जेवणाआधी १६८. म्हणजे घरच्या जेवणाच्या या भक्तालाही रोग होता, फक्त त्यानं तो तपासला नव्हता.

दवाखान्यातल्या आहारवाल्या ताईनं घरचीसाठी कागद लिहून दिला. ज्वारी-बाजरीची भाकर, घट्ट वरण, रोज एक पालेभाजी, वरणावर लिंबू पिळायचं, तीळ-गूळ, अन् जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नाही. चहानं अन्नातलं लोह अंगाला लागत नाही, लिंबानं जास्त लागते, असं तिनं समजावून सांगितलं. एका चमचाभराहून जास्त मीठ दिवसात दोघांच्याही पोटात जाऊ नये, हेही सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेचं मापही तेच आहे, ५ ग्रॅमपेक्षा कमी.

कागद घेऊन मी बाहेर आलो अन् पायरीवर बसलो. हे सगळं रांधणारी आत खाटेवर होती.

भाच्याला म्हणलं, "बापू, गॅस कुठं भेटते?"

तो म्हणाला, "मामाजी, तुमच्यानं होईन का?"

म्हणलं, "पाहू."

लहान सिलिंडर, एक कुकर, तवा, परात आणली. पहिल्या दिवशी वरणभात झाला. कुकरमध्ये तो कोणाचाही होतो. दुसऱ्या दिवशी भाकर करायला घेतली अन् माझी इज्जत गेली. तीन तुटल्या, चौथी तव्यावर टाकताना हातातच राहिली. मी जवारी पेरली आहे, राखली आहे, कणसं खुडली आहेत, खळं केलं आहे, पोती वाहिली आहेत. ज्या धान्याचं मला सगळं येते असं वाटत होतं, त्याची भाकर मला येत नव्हती.

संध्याकाळी दवाखान्यात घरचीला सांगितलं. टाके दुखत होते तरी हसली. म्हणाली, "पाणी थंडं घेतलं असन. आधन आलेलं पाणी घ्या. अन् पीठ पाहा, शिळं असन तं जोड येत नाई." खरी गोष्ट. जवारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळतं पाणी ओतलं की पीठ थोडं उकडून निघते अन् एकमेकाला धरते. मग तळहाताच्या टाचेनं भरपूर मळावं लागते. पीठ महिनाभराचं जुनं असलं की काही केल्या जोड येत नाही. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची, नाहीतर तडे जातात. हे सगळं माझी माय, बायको, बहिणी करत होत्या, आणि आम्ही त्याला काम म्हणत नव्हतो. नांगरटी काम होतं. भाकरी आपोआप होत होत्या.

अकराव्या दिवशी माझी भाकर फुगली. ती मी दवाखान्यात नेली. पालकाची पातळ भाजी, वरण, अर्धं लिंबू. घरची जेवली अन् मी समोर बसून पाहिलं. बायकोला पोटभर जेवताना मी पहिल्यांदा पाहत होतो. माणसाला लाज वाटावी अशी ही गोष्ट आहे, म्हणून लिहून ठेवतो.

खोलीतल्या पोरांचंही सांगतो. आधी ती लांबून पाहत होती. मग वास सुटला तशी जवळ आली. मी म्हणलं, खायचं असेल तर कांदा कापा. पाळ्या लावल्या. एकानं भाजी आणायची, एकानं चिरायची, एकानं भांडी. महिन्याचा हिशोब केला तेव्हा माणशी १,६०० रुपये पडले. त्यात एक पोरगा असा होता की दिवसभर काही खायचा नाही, रात्री बारा वाजता चिप्सच्या दोन पुड्या फोडायचा, मग स्वतःलाच शिव्या द्यायचा. वजन वाढलं म्हणून उपास, उपास झाला म्हणून पुन्हा पुड्या. अन्नाशी त्याचं भांडण होतं. त्याला मी काही उपदेश केला नाही, वांगे चिरायला दिले. पंधरा दिवसांनी तो फोडणी घालत होता. त्याचं सगळं नीट झालं असं म्हणणार नाही, पण ताटावर बसून, मान वर करून, बोलत बोलत जेवायला लागला. स्वतः रांधलेल्या अन्नावर माणसाला राग धरता येत नाही. त्यात किती तेल टाकलं हे माहीत असते, म्हणून भीती नसते. किती वेळ गेला हे माहीत असते, म्हणून फेकवत नाही. आणि दुसऱ्यानं रांधलं तर त्याला नावं ठेवताना जीभ थोडी अडखळते. मला वाटते अन्नाशी प्रेमानं वागणं यालाच म्हणावं. बाकी मोजमाप आणि तक्ते नंतरचे.

म्हणून मी बाहेरच्या खाण्याला पाप म्हणत नाही. बर्डीवर सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्याजवळून जाताना आजही माझे पाय थांबतात. वर चण्याची लाल तर्री, कांदा, लिंबू. महिन्यातून एकदा खातो, मजेनं खातो, खाऊन पस्तावत नाही. जो माणूस २९ दिवस घरी वरण शिजवतो, त्याला तिसाव्या दिवशी तर्रीची भीती नसते.

आता माझ्या बापे मंडळींकडं वळतो. मला माहीत आहे ते काय म्हणतील. पहिलं म्हणतील, बापाच्या हाताला चव नसते.

हे नागपुरात म्हणायला हिंमत पाहिजे. सावजीच्या रश्श्याच्या नावानं अख्खा महाराष्ट्र नागपूरला ओळखतो, आणि किती तरी सावजी भोजनालयांच्या मोठ्या गंजावर झारा धरून बापाच उभा असतो. लग्नाच्या पंगतीचा आचारी बाप्याच. आमच्या गावात हनुमान जयंतीला हजार माणसांची बुंदी अन् वांग्याची भाजी बापेच करतात. वावरात रोडग्याची पार्टी असली की हेच लोक कणीक मळतात, गोवऱ्या पेटवतात, निखाऱ्यात रोडगे भाजतात, वरून तूप सोडतात, आणि बायांना हात लावू देत नाहीत. तिथं चव असते! म्हणजे जिथं पैसे भेटतात किंवा वाहवा भेटते, तिथं बापाच्या हाताला चव येते. जिथं रोज दोन वेळा कोणी वाहवा न करता करायचं असते, तिथं ती जाते. ही चवीची गोष्ट नाही.

दुसरं म्हणतील, बापा दिवसभर वावरात थकतो. बरं. पण निंदण कोण करते? कापूस कोण वेचते? दोघंही सकाळी एकाच बैलबंडीतून वावरात जातात अन् एकाच बंडीतून परत येतात. घरी आल्यावर एक जण बाजेवर टेकतो, दुसरी चुलीजवळ. देशाच्या सरकारनं २०१९ साली लोक आपला दिवस कशात घालवतात याची घरोघरी पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते, पाच तासांना एक मिनिट कमी. घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटं. आणि तसा पुरुष शंभरात २६च सापडतो, बाया शंभरात ८१. यावर मी माझं काही घालत नाही. आपापल्या घरी घड्याळ लावून पाहावं.

तिसरं म्हणतील, ही शहरातली, परदेशातली थेरं आहेत, आपल्या मातीत हे नव्हतं. त्यांना मी बर्डीवरच्या वरायटी चौकात घेऊन जातो. तिथं गांधीजींचा पुतळा आहे. जयंतीला हार घालून मोकळं व्हायची आपल्याला सवय झाली. पण या पुतळ्याचा माणूस वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन राहिला होता. १९३४ साली तिथं ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पांनी तो चालवला. पॉलिश केलेला तांदूळ नको, हातसडीचा खा; गिरणीचं तेल नको, घाणीचं खा; साखर नको, गूळ खा, हे तिथून सांगितलं गेलं. नव्वद वर्षांनी आज तेच दुकानात दुप्पट भावानं मिळते. पण गांधीजी नुसतं सांगत नव्हते. आश्रमाचं स्वयंपाकघर सगळ्यांचं होतं. तिथं भाजी चिरणं, दळणं, भांडी घासणं पुरुषांच्याही वाट्याला येत होतं, मोठमोठ्या पुरुषांच्या. आपण त्यातला हातसडीचा तांदूळ उचलला, चिरणं-घासणं तिथंच ठेवलं.

मगनवाडीची आणखी एक गोष्ट मला आमच्या धंद्यामुळं लक्षात राहिली. १९३५ साली गांधीजींनी तिथं सोयाबीन खाऊन पाहिलं, लोकांना खाऊ घातलं, त्यावर 'हरिजन'मध्ये लिहिलं. गरिबाला स्वस्तात ताकद कशी भेटेल हे पाहायचं होतं. आज आमच्या सगळ्या वऱ्हाड-नागपूर मुलखात सोयाबीनच सोयाबीन आहे. पण आम्ही त्याचा एक दाणा खात नाही. शंभर दिवसांत काढतो, मोंढ्यात नेऊन टाकतो, त्या पैशात तेलाचे पाकीट आणतो. देशाला लागणाऱ्या खाण्याच्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरच्या देशांतून येते, त्यातलं बरंच पामचं. पूर्वी आमच्या घरी जवसाचं तेल होतं, घाणीवरून डबा यायचा. जवसाची चटणी जेवणात रोज होती.

यात मी दुसऱ्याला बोल लावत नाही. जवारी मीच बंद केली. १९९४ साली. रानडुकरं हुरडाच ठेवत नव्हती, पाखरं राखायला पोरं उरली नव्हती, कापणीच्या वेळेस पाऊस आला की कणीस काळं पडायचं, अन् भाव नव्हता. बैल गेले, ट्रॅक्टर आला, मग कडबा तरी कोणासाठी? हिशोब बरोबर होता. पण तो हिशोब करताना मी घरातल्या ताटाकडं पाहिलं नाही. वावरात काय पेरायचं हे मी ठरवत होतो अन् ताटात काय घालायचं हे तिनं ठरवावं म्हणत होतो. जे वावरात नाही ते तिनं कुठून घालावं? राशनच्या गहू-तांदळावर आलं घर. वरून आम्ही व्याख्यानाला जाऊन टाळ्या वाजवणार की बायांनी जुनं खाणं सोडलं.

४१ दिवसांनी घरी आलो. डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं, तीन महिने वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. मी सयपाकघर सोडलं नाही. पहिल्याच आठवड्यात गावात बोलणं सुरू झालं. एक जण तर तोंडावर म्हणाला, "का हो, म्हातारपणी बायल्या झाले का?" म्हणलं, "झालो. ये जेवाले." तो आला, जेवला, दोन भाकरी जास्त खाल्ल्या. त्याच्या घरी मात्र काही बदललं नाही, हेही सांगतो. उगाच गाव सुधारलं असं लिहायचं नाही मला.

आमच्या घरात मात्र चार गोष्टी बदलल्या. सकाळचा सयपाक माझा, संध्याकाळचा तिचा अन् सुनेचा, भांडी पोराची. सगळे एका वेळेस बसतात. कोणी वाढायला उभं राहत नाही, गंज मधात ठेवतो, ज्यानं त्यानं वाढून घ्यावं. भाजी कमी असली तर सगळ्यांना कमी पडते, एकटीला नाही. आणि वावरात अर्धा एकर जवारी, बांधाला अंबाडी, एका तुकड्यात जवस, हे मी पुन्हा पेरतो. रानडुकरं आजही येतात. कधी निम्मी जवारी त्यांचीच होते. तरी पेरतो.

घरचीचं रक्त तीन महिन्यांनी १०.२ झालं, वर्षानं ११.८. त्यात गोळ्यांचा वाटा आहे अन् पहिल्या पंगतीचाही आहे. माझी साखर गोळीवर अन् भाकरीवर आटोक्यात आहे, गेली नाही. ती जात नाही म्हणतात. घरच्या जेवणानं सगळे रोग पळतात असं जो सांगतो, त्याच्यापासून सांभाळून राहावं. जेवण म्हणजे जेवण आहे, जादू नाही. औषध चालू ठेवावं लागते.

ज्या बाईला नोकरीवरून यायला रात्रीचे आठ वाजतात अन् जी येताना डबा घेऊन येते, तिला मी नावं ठेवणार नाही. तिच्या घरातल्या बाप्याला विचारेन की तू किती वाजता येतो. ज्या पोराला मायच्या हातच्या भाकरीची आठवण येते, त्याला विचारेन की मायला तुझ्या हातची कधी खाऊ घातली का. घरचं जेवण वाचवायचं असेल तर ते एका बाईच्या पाठीवर वाचणार नाही. तिनं हजार वर्षं वाचवलं, आता तिच्या अंगात रक्त नाही. घरातले सगळे हात लागले तरच ते वाचेल, नाहीतर त्याचा फक्त हायवेवर फलक राहील.

पोरांना शिकवा. पोरीला आपण न सांगता शिकवतोच, पोराला सांगून शिकवा. दहाव्या वर्षी वरणभात, बाराव्या वर्षी भाजी, पंधराव्या वर्षी भाकर. माझा नातू नऊ वर्षांचा आहे. त्याची भाकर अजून नकाशासारखी होते, एकदा ती मला पुरी आंध्रापर्यंत गेलेली दिसली. पण तो ती स्वतः थापतो अन् शेवटच्या तुकड्यापर्यंत खातो.

माझ्या भाकरीला घरची अजून नावं ठेवते. परवा म्हणाली, "काठ जाड राहिला, अन् वरणात मीठ कमी हाय." मीठ कमीच टाकतो, डॉक्टरचं सांगणं आहे. काठाचं मात्र ती खरं बोलते.

त्या व्याख्यानवाल्या साहेबांनी कधी आमच्या गावाला यावं, मी त्यांना ऐकायला येईन. फक्त भाषण सकाळी अकराला ठेवू नये. त्या वेळेस माझं आधन ठेवलेलं असते. त्यांनी थोडं आधी यावं, हात धुवावे, परातीजवळ बसावं. एक भाकर थापावी. तुटली तरी चालेल, माझ्याही तुटल्या. मग सगळे मिळून जेवू, अन् मग त्यांनी बोलावं.